दयेचा करारनामा

इटलीतल्या तुरीन शहरात ८ फेब्रुवारी १८५२ या तारखेला मुद्रांकित कागदावर एक करार झाला. त्यात नावे चार आहेत. जुझेप्पे बेर्तोलिनो हा सुतार. जुझेप्पे ओदास्सो हा मोंदोवीकडून आलेला, सुतारकाम शिकू पाहणारा मुलगा. विन्चेन्झो ओदास्सो हे त्याचे वडील. आणि चौथे, जोव्हान्नी बॉस्को हे छत्तीस वर्षांचे कॅथलिक धर्मगुरू. हेच पुढे ‘डॉन बॉस्को’ म्हणून जगभर ओळखले गेले. मुंबईकरांच्या कानाला ‘डॉन’ हा शब्द वेगळाच वाजतो. इटलीत तो धर्मगुरूच्या नावाआधी लावायचा आदरार्थी शब्द आहे, इतकेच.

करारातल्या अटी थोडक्यात अशा : सुताराने दोन वर्षांत मुलाला सुतारकाम शिकवायचे. चुकला तर बापाने मुलाला सांगावे तसे समजावून सांगायचे, पण शब्दांनीच. हात उगारायचा नाही. त्याला सुतारीशी संबंधित आणि वयाला व ताकदीला झेपेल असेच काम द्यायचे. सणावाराचे दिवस पूर्ण मोकळे ठेवायचे, शिवाय वर्षाला पंधरा दिवस रजा. रोजची मजुरी पहिल्या सहा महिन्यांत ३० सेंतेसिमी, पुढच्या सहा महिन्यांत ४०, आणि दुसऱ्या वर्षी ६०. मुलाने वेळेवर यायचे, सांगितलेले ऐकायचे. त्याच्या चुकीने नुकसान झाले तर भरपाईची हमी वडिलांची. मुलाचे वागणे नीट राहील हे पाहण्याची जबाबदारी बॉस्को यांची. याशिवाय आणखी एक कलम आहे. माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे. त्याकडे लेखाच्या ओघात येऊ.

अशा करारांचे जनक बॉस्को नव्हेत. तुरीनमधल्या इतर धर्मादाय संस्थाही मुलांना कारागिरांकडे ठेवताना लेखी अटी घालत. आपल्याकडे तर त्याआधी दोन वर्षे, १८५० साली, कंपनी सरकारने शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा केला होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या मुलांना, जास्तीत जास्त सात वर्षे एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय त्यात होती. म्हणजे कल्पना तेव्हा हवेतच होती. तुरीनच्या कागदाचे वेगळेपण असे की, त्यातली बहुतेक कलमे मालकाला बांधून घेणारी आहेत.

धर्मसंस्थेने चालवलेले कौशल्य-प्रशिक्षण, त्याला जोडलेला विक्रीचा व्यवसाय आणि तिथे फुकट काम करायला जाणारी तुमच्या-माझ्यासारखी माणसे या तिन्हींचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा या कागदाकडे येतो. माझे म्हणणे एवढेच आहे : अशा संस्थेचे खरे काम, गरीब मुलाबद्दलची दया त्याच्या हक्कात बदलते तेव्हा सुरू होते, आणि स्वयंसेवकाची खरी जागा दात्याची नसून त्या हक्काच्या जामीनदाराची आहे.

कारखान्याबाहेरचा जामीनदार

पिडमाँटच्या राज्यात कारागिरांच्या जुन्या श्रेणी १८४४ मध्ये रद्द झाल्या. श्रेणींचा जाच होता हे खरे, पण उमेदवाराला किती वर्षे ठेवायचे, काय शिकवायचे, याचे काही दंडकही त्यांच्याबरोबर गेले. त्याच काळात डोंगराळ खेड्यांतली मुले गवंडीकामाला, धुराडी साफ करायला तुरीनमध्ये येत होती. त्यांतली काही तुरुंगात पोचत. १८४१ मध्ये दीक्षा घेतल्यावर बॉस्को तिथे जाऊ लागले. सुटून आलेली मुले पुन्हा आत येतात, कारण बाहेर त्यांचे कोणी नसते, ही त्यांची तिथली नोंद. पुढच्या सगळ्या कामाचा उगम त्यात आहे.

१८४६ च्या एप्रिलमध्ये त्यांना वाल्दोक्को या वस्तीत भाड्याने एक शेड मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची आई, मार्गारिता, गावचे घर सोडून मुलाच्या मदतीला आली. वय अठ्ठावन्न. पुढची दहा वर्षे, मरेपर्यंत, ती तिथे मुलांचे कपडे सांधत आणि स्वयंपाक करत राहिली. या कार्याची पहिली स्वयंसेविका म्हणायची तर तिलाच म्हणावे लागेल.

संध्याकाळच्या वर्गांना शिक्षक नव्हते. बॉस्को यांनी त्यावर साधा तोडगा काढला. होतकरू मुलांना ते स्वतः फुकट शिकवणी देत. बदल्यात त्या मुलांनी लहानांना शिकवायचे. तिथे १८५० पासून दशमान मापे सक्तीची व्हायची होती. जुनी मापे अंगवळणी पडलेल्या कामगारांना मीटर-लिटर समजावे म्हणून बॉस्को यांनी सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली; तिची १८४९ ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. मजुरी मापावर ठरते आणि माप न कळणारा फसतो, हे त्यामागचे व्यावहारिक शहाणपण. प्रार्थनेइतकेच मोजमापही त्यांनी मनावर घेतले होते.

या टप्प्यावर रचना स्वच्छ होती. मुलगा काम शिकायचा शहरातल्या कारागिराकडे. राहणे, रात्रीचा वर्ग, देवधर्म वाल्दोक्कोत. मालक एक, पालक दुसरा. मालकाने कराराबाहेर काही केले, तर जाब विचारणारा माणूस कारखान्याच्या बाहेर उभा होता.

पालक मालक होतो तेव्हा

१८५३ मध्ये हे बदलले. शहरातल्या कारखान्यांतली भाषा आणि वागणूक मुलांना बिघडवते, असे बॉस्को यांना वाटत होते. घरातल्या वाढत्या गरजाही होत्या. त्यांनी वाल्दोक्कोतच चांभारकाम आणि शिवणकाम सुरू केले. शिवणकाम त्यांना स्वतःला येत होते. शाळकरी वयात ते एका शिंप्याकडे शिकले होते. १८५४ मध्ये पुस्तकबांधणी, १८५६ मध्ये सुतारकाम आणि १८६२ पर्यंत छापखाना व लोहारकाम अशी भर पडत गेली.

मुले सुरक्षित झाली, पण एक अडचण घरात आली. आता पालक स्वतःच मालक झाला होता. शिकवणाऱ्या मिस्त्रीशी व्यवहार कसा ठेवायचा, याचे वाल्दोक्कोत बरेच प्रयोग झाले. पगारी मिस्त्री ठेवले, तर ते स्वतःचे काम उरकत आणि शिकवण्याकडे दुर्लक्ष करत. त्यांनाच धंद्याचे धनी केले, तर त्यांच्या लेखी मुले म्हणजे मजूर होत. नफ्यात हिस्सा देऊनही पाहिला. अखेर संस्थेतल्याच, धर्मगुरू नसलेल्या व्रतस्थ बंधूंना कारागिरी शिकवून त्यांच्या हाती कारखाने देण्याचा मार्ग निघाला. १८८६ च्या महासभेत सलेशियन संघाने उमेदवारांच्या शिक्षणाची तीन अंगे ठरवली : धार्मिक-नैतिक, बौद्धिक आणि व्यावसायिक. या ठरावापर्यंत यायला तेहतीस वर्षे लागली. प्रश्न किती चिवट आहे, ते यावरून दिसावे.

तो चिवट का, हे कोणत्याही कार्यशाळेत तासभर उभे राहिले की कळते. शिकणारा मुलगा लाकूड वाया घालवतो. शिकण्यासाठी ते वाया जायलाच हवे. विकायच्या खुर्चीत मात्र लाकूड वाया जाऊन चालत नाही. शिकायचे तर मापे घेण्यापासून जोडणीपर्यंत प्रत्येक काम मुलाच्या हातून गेले पाहिजे. आणि माल वेळेवर द्यायचा तर ज्याला जे चांगले जमते तेच त्याने दिवसभर करणे सोयीचे. दोन्ही गोष्टी एका छपराखाली मांडल्या की रोज एकीला दुसरीसाठी थोडे मागे सरावे लागते. मागे सरण्याची पाळी बहुधा शिक्षणावर येते, कारण गिऱ्हाईक दारात उभे असते आणि शिक्षण गप्प असते.

धंदा यशस्वी झाला म्हणून हा पेच सुटत नाही. आपल्या कोकणातल्या घरांवरची मंगळुरी कौले आठवा. बासेल मिशनने मंगळूरला हातमाग आणि १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यामागे अडचण होती ती धर्मांतरितांच्या पोटाची. जात सुटली की जातीचा धंदा आणि आधारही सुटे. कौले उत्तम निघाली, मुंबई-गोव्यापर्यंत पोचली, कारखाने वाढले. वाढत वाढत त्यांचे स्वरूप रोजगार देणाऱ्या मोठ्या उद्योगाचे झाले. पहिल्या महायुद्धात शत्रूराष्ट्राशी जोडलेली मालमत्ता म्हणून ब्रिटिश सरकारने ते ताब्यात घेतले आणि पुढे ते एका व्यापारी कंपनीकडे गेले. कौल आजही सगळ्यांना माहीत आहे. ते कोणासाठी सुरू झाले होते, हे फारसे कोणाला माहीत नाही.

उलट टोकाचे उदाहरण आपल्याच काळातले आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात फादर ग्रेगरी बॉइल या जेझुइट धर्मगुरूंनी १९८८ मध्ये टोळ्यांत अडकलेल्या तरुणांना काम मिळवून देण्याचा उपक्रम सुरू केला. १९९२ च्या दंगलीनंतर तिथे बेकरी निघाली, पुढे कॅफे निघाला. ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ नावाने ही संस्था आज प्रसिद्ध आहे. एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या टोळ्यांतली मुले तिथे एकाच भट्टीपुढे पाव भाजतात. साधारण अठरा महिने पगार घेत शिकायचे, सावरायचे आणि बाहेरच्या नोकरीत जायचे, अशी रचना आहे. म्हणजे काम नीट जमू लागलेला माणूस संस्था जाणूनबुजून बाहेर पाठवते आणि पुन्हा अनघड हात आत घेते. असा धंदा केवळ विक्रीवर उभा राहूच शकत नाही. २०१० मध्ये देणग्या आटल्या तेव्हा सुमारे तीनशे जणांना कामावरून कमी करावे लागले. त्यांतले बरेच पगाराविना येतच राहिले. पाव विकला जात होता, तरी ही वेळ आली. पावाने पिठाचा आणि भट्टीचा खर्च काढला. माणूस घडवण्याचा खर्च त्यातून निघत नव्हता.

मंगळूर आणि लॉस एंजेलिस शेजारी ठेवले की जमाखर्च कळतो. शिकवणे पहिले ठेवले, तर तूट येणारच. ती तूट हीच संस्थेची खरी गुंतवणूक. तूट येऊच द्यायची नाही असे ठरवले, तर संस्था हळूहळू कारखाना होते.

धर्माचे काय?

मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी दुसरा प्रश्न केव्हाचा उभा असणार, आणि तो रास्त आहे. या मदतीची किंमत धर्माच्या रूपाने तर वसूल होत नाही ना?

या प्रश्नाचा आपल्याला जुना अनुभव आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्याला नेले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर तिच्या सल्लागार मंडळात होते. काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला बसू लागल्यावर वादळ उठले, आणि १८९३ मध्ये मंडळींनी राजीनामे दिले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावत नाही, पण माझे दार कोणाला बंदही करणार नाही. विरोधकांचे म्हणणे, आश्रित मुलीसमोर उघडे दारही आमंत्रणच असते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात हा प्रश्नच मिटला, कारण ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. दुष्काळातून वाचवलेल्या मुलींनी तिथे विणकाम, शेती, छपाई शिकून घेतली; रमाबाईंचे मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, तिथल्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून छापून पूर्ण झाले.

पण मुद्दा उरतोच. ज्याला जायला दुसरी जागा नाही, त्याची ‘राजीखुशी’ किती खरी मानायची? हे फक्त ख्रिस्ती संस्थांना लागू नाही. मठ, मदरसा, गुरुद्वारा, आश्रम, ज्याच्या हाती अन्न आणि हुनर आहे त्या प्रत्येकाला लागू आहे.

आता तुरीनच्या कराराचे ते राहिलेले कलम. त्यात असे गृहीत धरले आहे की, एखाद्या चुकीमुळे या मुलाला बॉस्को यांच्या संस्थेतून काढूनही टाकले जाईल. तसे झाल्यास बॉस्को आणि सुतार यांचा या बाबतीतला संबंध संपेल. पण मुलाची चूक सुताराच्या संदर्भातली नसेल, तर सुताराने मुलाला दिलेला शब्द पाळायचाच. शिकवणे थांबवायचे नाही.

हे कलम मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा कागद बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिलो. एक धर्मगुरू स्वतःच्या सहीने लिहून देतो आहे की, हा मुलगा माझ्या घरात राहिला नाही, माझ्या शिस्तीत बसला नाही, तरी त्याचे सुतारकाम सुटता कामा नये. बॉस्को आधुनिक अर्थाने धर्मनिरपेक्ष मुळीच नव्हते. सणाच्या सुट्ट्यांमागे मुलाने धर्मकृत्ये करावीत हाच हेतू होता. तरीही मदत आणि आज्ञाधारकपणा यांच्यातली दोरी त्यांनी या एका जागी कापली. १८९३ च्या पुण्यातल्या वादात दोन्ही बाजूंना ज्या हमीची उणीव भासली, तिचा एक नमुना मला इथे दिसतो.

शनिवारचा वर्ग

सलेशियन १९०६ मध्ये तंजावरला आणि १९२८ मध्ये मुंबईत आले. माटुंगा, कुर्ला, वडाळा इथली त्यांची कामे मुंबईकरांना परिचित आहेत. मी ज्या कार्यशाळेत दर शनिवारी जात असे, ती मात्र त्यांची नव्हे. दुसऱ्याच एका मिशनची, लहानशी. नाव सांगण्याची गरज नाही, कारण जे घडले ते कुठेही घडू शकते.

माझ्याकडे मोजमापाचा वर्ग होता. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ चा, पण सुतार अजून सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. नकाशा मिलिमीटरमध्ये, मिस्त्री सुतात आणि मुलगा मध्ये अडकलेला. हा गुंता सोडवणे एवढेच माझे काम. प्रत्येक मुलाला मी एक वही दिली होती. ‘आज काय शिकलो’ ते रोज एका ओळीत लिहायचे.

एके वर्षी शाळेच्या बाकांची मोठी ऑर्डर आली. सगळे खुशीत होते. त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी मी एका मुलाची वही उघडली. आधीच्या पानांवर रंधा, गुण्या, पटाशी असे शब्द होते. मग सलग एकच शब्द : ‘घासले.’ ‘घासले.’ ‘घासले.’ पानभर. मी विचारले, “हे काय रे?” तो म्हणाला, “सर, पॉलिश पेपरच मारतोय ना रोज. दुसरं काय लिहू?”

मी काही बोललो नाही. आपण बाहेरचे, आठवड्यातून दोन तास येणारे. मिस्त्रींच्या कामात नाक खुपसू नये, असे वाटले. शिवाय ऑर्डर संस्थेच्या भल्याचीच होती. आणखी दोन शनिवार तसेच गेले. त्यानंतर तो आला नाही. एका फर्निचरच्या दुकानात मदतनीस म्हणून लागला, असे इतर मुलांकडून कळले. घासायचेच आहे तर तिथे पैसे जास्त मिळतात, हा त्याचा हिशोब चूक नव्हता.

मग ती वही घेऊन मी फादरकडे गेलो. त्यांनी पाने चाळली, मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री चिडले नाहीत. म्हणाले, “फादर, तारीख तुम्हीच दिली होती.” ते खरेच होते. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून एक नियम कागदावर लिहिला : कोणतीही ऑर्डर असो, प्रत्येक मुलाच्या हातून आठवड्यात किमान एक वस्तू आखणीपासून जोडणीपर्यंत गेली पाहिजे, आणि वह्या दर महिन्याला तिघांनी पाहायच्या. माल द्यायला त्यानंतर एकदा उशीर झाला, एक गिऱ्हाईक तुटले. गेलेला मुलगा परत आला नाही.

या प्रसंगातून मला माझे काम कळले. सूत आणि मिलिमीटर कोणीही शिकवू शकला असता. पण त्या छपराखाली विक्रीची काळजी नसलेला आणि संस्थेचा पगार न घेणारा माणूस मी एकटाच होतो. ती वही पाहून बोलणे मलाच सर्वांत सोपे होते, आणि मी गप्प बसलो. १८५२ च्या करारात कारखान्याबाहेर जी चौथी सही होती, तिची रिकामी जागा भरण्यासाठी स्वयंसेवक असतो. लॉस एंजेलिसच्या संस्थेत डॉक्टर फुकट वेळ देऊन मुलांच्या अंगावरचे टोळीचे गोंदण लेझरने काढतात. ते एका बैठकीत निघत नाही, पुन्हा पुन्हा यावे लागते. पाव विकून ते काम होत नाही आणि प्रवचन देऊनही होत नाही. तिथे लागतो तो बाहेरच्या माणसाने न चुकता दिलेला वेळ.

म्हणून अशा संस्थेत जाऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की, पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचाराव्यात. ऑर्डरची तारीख कोण ठरवतो? मुलगा काय शिकला, याची नोंद कुठे असते? तो प्रार्थनेला बसला नाही किंवा वसतिगृहातून निघून गेला, तर त्याचे शिक्षण चालू राहते का? आणि मी उद्या आलो नाही, तर माझा वर्ग कोण घेईल? उत्तरे कागदावर असतील तर उत्तम. नसतील तर लिहून घेण्यापासून सुरुवात करावी. कदाचित वर्षभराची आपली सर्वांत मोठी सेवा तीच ठरेल.

‘घासले’ लिहिलेली ती वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या नोंदीनंतरची तिची पाने कोरी आहेत.